जागेचं पोट

हिराजी म्हात्रे पहिल्या भेटीतच माझ्या डोक्यात गेला.

मी तेव्हा पेणला नुकताच बदलून आलो होतो. खात्यात ओव्हरसियर. सहा दिवस पूल, मोऱ्या आणि खड्डे मोजायचे आणि रविवारी गळ घेऊन नदी गाठायची, हा माझा कऱ्हाडपासूनचा नेम. नव्या गावात बिऱ्हाड लावायला चार दिवस पुरतात, पण मासे धरायची जागा लागायला वर्ष जातं. कारण गळवाले लोक जागा सांगत नाहीत. 'कुठं लागली हो एवढी मरळ?' असं विचारलं तर 'अशीच, जरा वरच्या अंगाला' म्हणतात आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतात. वरचं अंग म्हणजे नदीचं, तालुक्याचं की महाराष्ट्राचं, ते तुमचं तुम्ही बघा. मला त्याचा राग नाही. मीही त्यातलाच.

तर महिनाभर उन्हातान्हात पायपीट करून मी नागोठण्याच्या वर अंबा नदीला एक जागा हेरली होती. एक उंबर पाण्यावर आडवा झालेला, त्याच्या मुळाशी गार सावली आणि त्या सावलीत मरळ. दोन रविवार मी तिथं एकटा बसलो, कुणाला पत्ता लागू दिला नाही. तिसऱ्या रविवारी पेणच्या एसटी स्टँडवर उभा होतो, तर शेजारी एक सडसडीत, पन्नाशीचा माणूस पनवेलकडून आलेल्या दोन परक्या गळवाल्यांना जागा समजावून सांगत होता. नागोठण्याला उतरा, देवळामागच्या बांधानं जा, दोन शेतं ओलांडा, आडवा उंबर दिसंल. माझाच उंबर. वर मरळ किती वाजता हलते, तिला जिवंत बेडकी लावायची की गांडूळ, तेही सांगून मोकळा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, हा कोण दानशूर कर्ण? पण त्याचं संपलं नव्हतं. तो त्या दोघांना म्हणाला, "आता जागेचं पोट ऐका. उंबराचं डावं मूळ हाय ना, त्याच्याखाली माती पोकळ हाय. वरनं गवत दिसतं, खाली काय नाय. तिथं पाय द्यायचा नाय. काय सांगितलं? बोला."

आणि ते दोघे बाप्ये पाढे म्हटल्यासारखे बोलले. डाव्या मुळावर पाय द्यायचा नाही.

मी दोन रविवार त्या डाव्या मुळावरच बसलो होतो. त्या दिवशी तिथं जाऊन काठी खुपसून पाहिली. गवतातून काठी कोपरापर्यंत सरळ खाली गेली आणि खालून पाण्याचा आवाज आला. मी गपचूप उजव्या बाजूला जाऊन बसलो. राग होताच, पण आता तो कुणावर काढायचा ते कळेना.

पुढं ओळख झाली ती त्याच्या कारखान्यात. पेणमध्ये गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली; त्यातल्या एकात हिराजी आखणी करायचा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. माती मळणारे, साच्यातून काढणारे, रंग देणारे वेगळे. डोळ्यांना हात लावायचा तो हिराजीनंच. श्वास रोखून एका दमात पापणी काढायचा आणि मग श्वास सोडून मूर्तीकडे असा बघायचा, की आता ती काहीतरी विचारणार आणि याला उत्तर द्यावं लागणार. मूळचा तो खाडीकाठच्या गावचा, बापजादे मिठागरात राबलेले. त्याच्या भावकीत त्याची चेष्टा चाले, की खाडीत एवढी निवटी-बोईटं सोडून हा गोड्या पाण्यातला चिखलट मासा धरायला तीस मैल जातो. तो म्हणायचा, खाडीची मासळी पोटासाठी, नदीची डोक्यासाठी. विसर्जन झालं की त्याचा हंगाम सुरू. बांबूची काठी, तंगूसाची बारीक दोरी, आणि गळाच्या वर मोराच्या पिसाचा पांढरा देठ बांधलेला. तो देठ बुडाला की मासा लागला. चाऱ्याची कणीक स्वतः मळायचा, त्यात थोडी हळद आणि किंचित हिंग. हे हिंगाचंही त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. माझ्याकडं असं गुपित असतं तर मी सख्ख्या भावाला सांगितलं नसतं.

बिस्किटाच्या पुड्याचा कागद उलटा करून, आखणीच्या बारीक ब्रशानं तो जागांचे नकाशे काढून द्यायचा. भोगावती, बाळगंगा, अंबा, कुंडलिका. जित्याच्या स्टेशनामागचं तळंसुद्धा. झाड, खडक, वळण सगळं काळ्या रंगात, आणि जिथं धोका तिथं लाल ठिपका. मूर्तीच्या ओठाचा लाल. कागद देताना प्रत्येकाकडून लाल ठिपक्यांची उजळणी करून घ्यायची. पाहुणा घाईत असला तरी सोडायचा नाही. एकदा एका गृहस्थाची गाडी हलली तरी हा खिडकीशी धावत होता आणि तो गृहस्थ आतून ओरडून सांगत होता, की शेवाळावर टाच टेकायची नाही.

लोक हसायचे. पण आमचे गळवाले हसत नव्हते. रोह्याला सदूभाऊ शिंपी होता, जुना गळवाला, जिभेनं तिखट. मी एकदा त्याच्या दुकानात बसून हिराजीबद्दल कुरकुर केली, तर त्यानं मशीन थांबवलं आणि इकडची रीत सांगितली. या बाजूच्या गळवाल्यांत जागा 'देण्याची' रीत आहे. एकमेकांवर फार जीव असेल तर आयुष्यात एखाद्याला एक जागा द्यायची. देणारा स्वतः बरोबर जातो, हात धरून बसवतो, पहिला गळ स्वतःच्या हातानं टाकून काठी त्याच्या हातात देतो. त्या दिवसापासून जागा त्याची. देणारानंही बोलावल्याशिवाय तिथं बसायचं नाही. पण एक म्हण आहे: जागा द्यावी, जागेचं पोट देऊ नये. म्हणजे जागेबद्दलची एक गोष्ट देणारानं स्वतःजवळ ठेवायची. कुठल्या फटीत मोठा मासा बसतो ती, किंवा कुठली वेळ साधते ती. सगळेच ठेवतात. सासरी दिलेल्या लेकीलासुद्धा आई सगळी पाककृती सांगत नाही, असं सदूभाऊ म्हणाला. "आनि ह्यो बाबा पोटासकट वाटत सुटलाय," तो म्हणाला, "पन आमी त्याला काय बोलत नाय. त्यालाबी कारन हाय."

कारण काय, ते त्यानं सांगितलं नाही. मशीन पुन्हा सुरू केलं.

दरम्यान मी एक गोष्ट टिपली होती. कारखान्यात रोज सकाळी पावणेदहाच्या सुमाराला हिराजी थांबायचा. हातात ब्रश, समोर अर्धवट डोळा, आणि हा मान वर करून ऐकतोय. शेणानं सारवलेल्या कोरड्या जमिनीवरून तो दोन्ही पाय उचलून पाटावर घ्यायचा. मिनिटभर तसाच बसायचा, मग पाय खाली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं खालून विंचू-बिंचू गेला. शेजारी रंग देणाऱ्या बाईनं मला हळूच सांगितलं, की याचं हे रोजचंच; आम्ही त्यावर घड्याळ लावतो. शब्द चेष्टेचे होते, पण सांगताना ती हसली नाही.

एकदा आम्ही दोघं बाळगंगेवर बसलो होतो. गळ टाकून झाला, मी सरकून त्याच्या डाव्या हाताला बसायला गेलो, तर म्हणाला, "सायब, हिकडं नाय. उजवीकडं बसा." मी विचारलं, तिकडं काय आहे? त्यानं पिसाच्या देठावरची नजर काढली नाही. म्हणाला, महादू बसतो.

दिवसाउजेडी, स्वच्छ ऊन पडलेलं, पलीकडं म्हशी डुंबतायत, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी उजवीकडं जाऊन बसलो. त्या दिवशी त्यानं मला सगळं सांगितलं. न थांबता आणि न रडता, जागा सांगावी तसं.

महादू शिर्के हा रोह्याच्या वर, कुंडलिकेच्या काठच्या गावचा शेतकरी. भात आणि वाल पिकवायचा. बाजारात ओळख झाली आणि भावापलीकडं मैत्री जमली. हिराजीनं आयुष्यातली एक जागा महादूला दिली. कुंडलिकेच्या मधोमध एक सपाट कातळ आहे, त्याला 'तवा' म्हणतात. या नदीची गंमत अशी, की वर वीजघर आहे. ते चाललं की तिथून सुटलेलं पाणी नदीला येतं. पहाटे नदी गुडघ्याएवढी असते आणि सकाळी पावणेदहाला तव्याशी पाणी पोचतं, ते घोडा बुडेल एवढं. काठची पोरंटोरंही ही वेळ ओळखून असतात. म्हणून तव्यावर पहाटे जायचं आणि साडेनऊला अलीकडच्या काठावर परत यायचं. हे हिराजीनं महादूला सांगितलं. हाताला धरून बसवलं, पहिला गळ टाकून दिला.

एक सांगितलं नाही. तव्याच्या पलीकडं काळाकुट्ट डोह दिसतो. बघणारा म्हणतो, इथं बांबूनंही तळ लागणार नाही. पण त्या डोहातून तव्यापासून थेट पलीकडच्या काठापर्यंत पाण्याखाली कातळाचा एक दांडा गेलेला आहे, हातभर रुंद. त्याच्यावर पाणी गुडघ्याएवढंच. वरचं पाणी आलं की अलीकडची उथळ धार आधी भरते, तिथं माणूस टिकत नाही. पण दांड्यावरून पुढची दहा-पंधरा मिनिटं जाता येतं. हिराजीला तो पायानं चाचपत चाचपत सापडला होता. दांड्याच्या फटीत वाम बसायची, सापासारखा लांब मासा. मोठी, मनगटाएवढी वाम. ती आपल्यासाठी ठेवायची, म्हणून त्यानं दांड्याचं सांगितलं नाही. रीतीप्रमाणं पोट आपल्याजवळ ठेवलं.

पुढल्या वर्षी मार्गशीर्षात महादूला तव्यावर उशीर झाला. मोठा मासा लागला होता की डुलकी लागली होती, कुणाला माहीत नाही. अलीकडच्या काठावर बाया धुणं धूत होत्या, त्यांनी बघितलं. धार भरली. बायांनी आरडाओरडा केला. महादू तव्यावर उभा राहिला, काठी हातात, तोंड अलीकडं. पाणी घोट्याला आलं, मग पोटरीला. पाव तास तरी तो तसा उभा होता. बाया सांगत, की त्यानं मागं वळून पलीकडं एकदासुद्धा बघितलं नाही.

"कशाला बघंल?" हिराजी म्हणाला. "तिकडं डोह हाय, येवढंच त्याला माहीत व्हतं."

त्या वेळी हिराजी पेणला कारखान्यात बसून कुणाच्या तरी माघी गणपतीचे डोळे काढत होता. निरोप संध्याकाळी आला. आणि तेराव्याच्या आत त्याला महादू दिसायला लागला. कुठल्याही नदीवर, डाव्या हाताला, उकिडवा बसलेला. मी विचारलं, काही बोलतो का तो? शिव्या देतो? हिराजी म्हणाला, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी सांगता सांगता जिथं थांबलो ना सायब, थितंच तो थांबलाय. 'फुडं काय?' इचारतो. बस. 'फुडं काय?'"

म्हणून हा माणूस गेली चौदा वर्षं भेटेल त्याला पुढचं सांगत सुटला होता. रायगड जिल्ह्यातल्या प्रत्येक गळवाल्याला त्यानं प्रत्येक जागेचं पोट सांगितलं होतं. तव्याचा दांडा तर पनवेलपासून माणगावपर्यंत सगळ्यांना पाठ. एकाच घरात सांगितलं नव्हतं. महादूच्या.

त्या बोलण्यानंतर मी शहाणा व्हायला हवं होतं. झालो नाही. त्याच हिवाळ्यात भोगावतीवरच्या एका पुलाचं माप घेताना मला खांबाच्या मागं खड्डा सापडला. त्यात कटला मासा असा, की ओढताना हात दुखून यावा. मी कुणाला बोललो नाही, हिराजीलाही नाही. पण वास लपतो होय? एक दिवस कारखान्यात त्यानं ब्रश धुता धुता विचारलं, नवी जागा लागली वाटतं. मी 'अशीच, जरा वरच्या अंगाला' म्हणालो. तो म्हणाला, जागा नका सांगू सायब, तुमची तुमाला लखलाभ. थितं धोका काय हाय तेवढं सांगा, मी लाल ठिपका करून ठेवतो. मी म्हणालो, धोका नाही. आणि घरी जाताना आठवलं, की खांबाच्या पायाची उघडी सळई पाण्याखाली आहे, हे मी स्वतः मापाच्या वहीत लिहिलं होतं. पोटरी फाटेल अशी सळई. मी परत फिरलो आणि त्याला जागेसकट सगळं सांगितलं. माझी मलाच लाज वाटली. त्यानं फक्त ठिपका काढला.

महादूच्या घरी तो मला एकदा घेऊन गेला होता. दर वर्षी त्या घरचा गणपती हिराजीच नेऊन द्यायचा. बिनडोळ्यांची मूर्ती न्यायची आणि आखणी त्यांच्या ओटीवर बसून करायची. महादूची बायको अनुसया, पंचेचाळिशीची, उन्हानं रापलेली, शेत एकटीनं ओढणारी बाई. लेक माणगावला दिलेली. तिनं आम्हाला चहा दिला, तांदळाच्या तळलेल्या बोरांची पुडी दिली, आणि मला म्हणाली, "सायब, भावजींसारका मानूस नाय. ह्यांच्यावर लई जीव त्यांचा. आपली सोत्ताची जागा दिलीन ह्यांना." हिराजी पापणी काढत होता. त्या वर्षी पहिल्यांदा त्याची रेघ हलली. त्यानं ती पुसून पुन्हा काढली आणि आम्ही निघालो तेव्हा बोरांची पुडी तिथंच विसरला.

रस्त्यात मी त्याला स्पष्ट विचारलं, सांगत का नाही तिला? म्हणाला, धीर होत नाय. चौदा वर्षं ती मला भावजी भावजी करते. कुठल्या तोंडानं सांगू, की तुझा नवरा वामेपायी गेला?

धीर झाला तो नाइलाजानं. पुढल्या साली त्याला दाराच्या चौकटी लागायला लागल्या. पेणच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर गेलेली, समोरची जाणार, आणि गेलेली परत येत नाही. मी कारखान्यात गेलो तेव्हा तो मूर्तीसमोर रिकाम्या हातानं बसला होता. मला वाटलं धंदा जाणार याचं दुःख असेल, मी आपला समजूत घालायला लागलो. तो म्हणाला, डोळ्यांचं काय, डोळे दुसरा कुनी काढंल. "मला दांडा दिसायचा बंद व्हयाच्या आत वयनीला दाखवाया पायजे. नुसतं सांगून नाय भागत. तुमी चला. मी चुकलो तर तुमी बघा."

असं त्यानं मला आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. मी शनिवारी रजा टाकली.

दुपारच्या गाडीनं रोह्याला उतरलो आणि तिच्या गावी पोचलो तेव्हा अनुसयावहिनी ओटीवर सुपात बियाण्याचे वाल निवडत बसली होती. हिराजी खाली जमिनीवरच बसला. पाणी नको म्हणाला. आणि म्हणाला, "वयनी, म्हादूला मी जागा दिली, पन सगळी नाय दिली." मग दांड्याचं सांगितलं. कुठून सुरू होतो, किती रुंद, वरचं पाणी आलं तरी किती वेळ टिकतो. एकही गोष्ट गाळली नाही. मी खांबाला टेकून उभा होतो आणि तिथून पळून जावंसं वाटत होतं.

ती वाल निवडत राहिली. किडका एकेक दाणा बाजूला. मग म्हणाली, "का नाय सांगितलंत?"

"वाम व्हती तिथं. मला पायजे व्हती."

"धरलीत?"

"दोन धरल्या. एक हितंच आनून दिली व्हती. तुमी कालवन केलंत."

"व्हय," ती म्हणाली. "मोठी व्हती."

एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. तिनं शिव्याशाप दिले असते तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं, हिराजीलाही. ती सूप घेऊन उठली आणि दारातून म्हणाली, की सकाळी या, मला दाखवा. त्या रात्री आम्ही सदूभाऊकडं मुक्काम केला. सदूभाऊला काही सांगावं लागलं नाही. त्यानं मुकाट्यानं वाढलं आणि भाताला हिराजीनं हात लावला नाही, तरी आग्रह केला नाही.

सकाळी सातला नदीवर पोचलो. पाणी उतरलेलं, गोटे उघडे, गारठा. अनुसयावहिनी आधीच येऊन उभी होती, लुगड्याचा काष्टा खोचून. अलीकडची धार ओलांडून आम्ही तिघं तव्यावर गेलो. हिराजीला मी दंडाला धरून नेलं. तव्याच्या कडेला तो खाली बसला, काठीनं पाण्यात चाचपलं, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा काठी खट्टकन वाजली. म्हणाला, हितनं.

पाणी खरोखर काळं होतं. मी त्या दांड्याबद्दल वर्षभर ऐकत होतो, पण समोर बघितल्यावर माझाही विश्वास बसेना. तिनं विचार केला नाही. पाय टाकला. पाणी गुडघ्याला लागलं आणि तिथंच थांबलं. मी तिच्या मागं उतरलो. न जाणो, पाय घसरला तर.

हिराजी तव्यावर उभा राहून सांगत होता. खालच्या खडकाळीतून पाणी मोठ्यानं खळाळत होतं, म्हणून ओरडून सांगत होता. सरळ सात पावलं. आता डावीकडं वळतोय, डावा पाय आधी. हितं फट हाय, लांब टाका. शेवाळ हाय, टाच टेकू नका, चवडा टेका. हजारदा सांगून पाठ झालेलं, पण या वेळी एकेक पाऊल दोन-दोनदा सांगत होता. तो सांगेल तसं ती पाऊल टाकत होती. मी मनात मोजत होतो. सव्विसाव्या पावलाला आम्ही पलीकडच्या वाळूत होतो.

ती मागं वळली. तव्याकडं बघत उभी राहिली. तिथून तवा असा दिसत होता, की वाळूतून गोटा मारला तर लागावा. तिच्या मागंच उभा होतो म्हणून मला ऐकू आलं. हळू आवाजात म्हणाली,

"येवढंच व्हतं?"

माझ्याशी बोलली नाही ती. हिराजीशीही नाही. तिनं लुगड्याचा ओला घोळ पिळला, दरड चढली आणि पलीकडच्या पायवाटेनं सडकेकडं चालायला लागली. तिचं घर अलीकडच्या काठाला. पुलावरून फिरून जायला दोन तास लागतात. मी हाक मारली, तिनं हात नुसता हलवला, मान वळवली नाही.

मी दांड्यावरून परत आलो. हिराजी त्याच जागी उभा होता, तोंड पलीकडं. त्याला तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं. मला हातानं चाचपून म्हणाला, "गेली?"

"गेल्या. तिकडूनच."

"काय बोलली?"

आणि मी म्हणालो, "काही नाही."

का म्हणालो, मला आजही सांगता येत नाही. त्याचे ते मंद झालेले डोळे माझ्या तोंडाकडं लागले होते आणि माझी जीभ रेटेना. गाडीत बसल्यावर सांगू, असं मी स्वतःला सांगितलं. गाडीत बसलो. नागोठणं गेलं, कासू गेलं. तो खिडकीशी अवघडून बसला होता. मध्ये दोनदा माझ्याकडं वळला, मी दोन्ही वेळा बाहेर बघितलं.

पेणला उतरलो. पुढल्याच महिन्यात माझी बदली झाली आणि हिराजी मला पुन्हा भेटला नाही, म्हणून ते फलाटावरचं मला लख्ख आठवतं. घरापर्यंत पोचवतो म्हटलं तर नको म्हणाला, ही वाट पायाला माहीत हाय. काठी टेकत पाच-सहा पावलं गेला, आणि थांबला.

"सायब, खरंच काय नाय बोलली?"

"नाही हो, दादा."

"बरं," तो म्हणाला, आणि गर्दीतून हात पुढं करून चाचपत चालायला लागला.